कंडेन्सर बदलण्याआधी : व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकातील व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरवरील लेखानंतर आलेली बहुतेक पत्रे रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील आहेत. माळ्यावरून खाली उतरवलेला एखादा जुना संच, तो पुन्हा वाजावा ही इच्छा, आणि आतला कोणता भाग बदलला म्हणजे आवाज सुधारेल ही पृच्छा, असे त्यांचे साधारण स्वरूप आहे. सारखे प्रश्न एकत्र केले असून नावांऐवजी केवळ गावे दिली आहेत. पुढील उत्तरे मल्टिमीटर वापरता येणाऱ्या आणि सोल्डरिंगचा हात बसलेल्या वाचकासाठी आहेत. या संचांत ३०० व्होल्टच्या वर डीसी दाब असतो आणि तो प्राणघातक ठरू शकतो, म्हणून ज्यांना ही सवय नाही त्यांनी हे पान जाणकार मेकॅनिकपुढे ठेवावे, चॅसी स्वतः उघडू नये.

प्रश्न : वडिलांनी वाडीतल्या भजनी मंडळासाठी बांधून घेतलेला अ‍ॅम्प्लिफायर पंचवीस वर्षे पोटमाळ्यावर पडून आहे. आत एक ईएफ८६, एक ईसीसी८३, दोन ईएल८४ आणि एक ईझेड८१ असे पाच व्हॉल्व्ह आहेत. मुंबईहून उंची कंडेन्सर आणून सगळे एकदम बदलावेत असा विचार आहे. त्याआधी एकदा चालू करून पाहिला तर चालेल का?
— एक वाचक, देवगड

उत्तर : चालू करून पाहू नये. पंचवीस वर्षे पडून असलेल्या संचाला थेट २३० व्होल्ट देणे म्हणजे त्यातला सर्वांत महाग आणि आज सहजासहजी न मिळणारा भाग, अर्थात आउटपुट ट्रान्सफॉर्मर, पणाला लावणे होय. आपण दिलेल्या यादीवरून हा संच ब्रिटनमधील मुलार्ड कंपनीने १९५० च्या दशकात प्रसिद्ध केलेल्या ‘फाइव्ह-टेन’ आराखड्यावर बेतलेला दिसतो. पाच व्हॉल्व्ह आणि दहा वॉट, म्हणून ते नाव. आराखडा उत्तम आहे, त्यामुळे ‘सुधारणा’ करण्याआधी तो मुळात जसा वाजत असे तसा वाजू द्यावा, ही पहिली विनंती.

धोका कंडेन्सरमध्येच आहे, पण सगळ्या कंडेन्सरमध्ये सारखा नाही, आणि हा फरक ध्यानात आला तर आपला निम्मा खर्च वाचेल. अ‍ॅल्युमिनियमच्या नळकांड्यांतले फिल्टर कंडेन्सर इलेक्ट्रोलिटिक जातीचे असतात. आतल्या पट्टीवर असलेला ऑक्साइडचा अत्यंत पातळ थर हेच त्यांचे इन्सुलेशन असते. वर्षानुवर्षे व्होल्टेज न मिळाल्यास तो थर विरत जातो आणि आतला द्रवही सुकतो. अशा कंडेन्सरला एकदम ३०० व्होल्ट मिळाले की तो शॉर्ट झाल्यासारखा वागतो, तापतो, क्वचित फुटतो, आणि जाताना ईझेड८१ ला (एसीचा डीसी करणाऱ्या रेक्टिफायर व्हॉल्व्हला) आणि मेन ट्रान्सफॉर्मरलाही सोबत नेतो. मोठ्या रेझिस्टन्समधून हळूहळू व्होल्टेज चढवून हा थर पुन्हा बसवण्याची रीत आहे आणि ती खोटी नाही. पण वाळलेला द्रव त्या रीतीने परत येत नाही. म्हणून हे कंडेन्सर नवेच घालावेत. जुन्या नळकांडीच्या तारा सोडवून ती शोभेपुरती जागेवर ठेवली आणि नवे कंडेन्सर चॅसीच्या पोटात बसवले, तर वडिलांच्या संचाचे रूपही बदलत नाही.

नवे कंडेन्सर घेताना ३५० व्होल्टचे घेऊ नयेत. मेन ट्रान्सफॉर्मरची सेकंडरी ३००-०-३०० व्होल्टची असेल, तर व्हॉल्व्ह करंट ओढू लागण्यापूर्वी पहिल्या कंडेन्सरवर ३०० च्या १.४१ पट, म्हणजे सुमारे ४२४ व्होल्ट चढू शकतात, आणि रात्री उशिरा आपल्या गावी वीज २५० व्होल्टवर गेली की हाच आकडा ४६० च्या आसपास जातो. ईझेड८१ चा कॅथोड स्वतः सावकाश तापतो, त्यामुळे व्यवहारात हा उसळता दाब थोडा सौम्य होतो. तरीही ४५० व्होल्ट ही किमान मर्यादा समजावी, ५०० व्होल्टचे मिळाले तर अधिक चांगले. कंडेन्सर ८५ ऐवजी १०५ अंश सेल्सिअसचे घ्यावेत आणि ईएल८४ पासून दूर बसवावेत, कारण तापमान दहा अंशांनी उतरले की इलेक्ट्रोलिटिकचे आयुष्य साधारण दुप्पट होते.

आता कपलिंग कंडेन्सरकडे वळू. जुन्या संचाचा खरा शत्रू तो आहे, पण त्याच्याकडे कोणी पाहत नाही, कारण तो दिसायला लहान आणि बाहेरून धडधाकट असतो. आधीच्या व्हॉल्व्हच्या अ‍ॅनोडवरचे दोन-अडीचशे व्होल्ट डीसी अडवून फक्त गाण्याचा सिग्नल ईएल८४ च्या ग्रिडवर सोडणे हे त्याचे काम असते. मेणाच्या किंवा तेलाच्या कागदाचे जुने कंडेन्सर दमट हवेत गळके होतात. गळती किती क्षुल्लक असली तरी पुरते पाहा : ग्रिडचा रेझिस्टन्स ४७० किलोओहम धरला, तर केवळ १० मायक्रोअँपिअर गळतीने ग्रिडवर ४.७ व्होल्ट धन दाब येतो. ईएल८४ चा बायस, म्हणजे करंटला आवर घालणारा, कॅथोडच्या तुलनेत ग्रिडवरचा ऋण दाब, अशा संचात दहा-अकरा व्होल्टचा असतो. म्हणजे जवळजवळ निम्मा बायस गेला. व्हॉल्व्ह मग मर्यादेबाहेर करंट ओढतो, त्याचा अ‍ॅनोड अंधारात लाल दिसू लागतो, आणि हा सगळा करंट आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या केसासारख्या बारीक तारेतून जातो. मी स्वतः कॉलेजच्या दिवसांत एका नाट्यगीताच्या तबकडीत रंगून गेल्यामुळे हा लाल रंग वेळेवर पाहिला नव्हता. ती तबकडी संपली तेव्हा ट्रान्सफॉर्मरही संपला होता.

म्हणून कागदी कपलिंग कंडेन्सर न तपासताच बदलावेत. त्याच किमतीचे, म्हणजे आराखड्यात असतील तेवढ्याच मायक्रोफॅरडचे, ६३० व्होल्टचे साधे पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टर कंडेन्सर पुरेसे आहेत. मायका आणि सिरॅमिक कंडेन्सरना मात्र हात लावू नये. ते सहसा आपल्याहून जास्त जगतात. कॅथोडवरचे २५ किंवा ५० मायक्रोफॅरडचे छोटे इलेक्ट्रोलिटिक बदलावेत, कारण ते स्वस्त असतात आणि सुकले की खालचे सूर पातळ करतात.

‘सगळे एकदम’ या आपल्या विचाराशी मी सहमत नाही. तीस ठिकाणी सोल्डर करून झाल्यावर संच मुका राहिला, तर चूक तीसपैकी कुठल्या टाक्यात आहे हे शोधायला दोन रविवार जातात. एक भाग काढावा, त्या जागी नवा लावावा, कागदावर खूण करावी, मग पुढचा घ्यावा. काम सुरू करण्यापूर्वी मेनचा प्लग हातात घेऊन तो आपल्यासमोर ठेवावा आणि फिल्टर कंडेन्सर १० किलोओहम, ५ वॉटच्या रेझिस्टन्समधून रिकामा करून मीटरने शून्याची खात्री करावी. स्क्रू-ड्रायव्हरने ठिणगी पाडून कंडेन्सर उतरवण्याची आपल्याकडच्या मेकॅनिकांची सवय कंडेन्सरलाही वाईट आणि डोळ्यांनाही. एक कायमची सुधारणा मी अवश्य सुचवीन : पहिल्या फिल्टर कंडेन्सरला समांतर २२० किलोओहम, २ वॉटचा रेझिस्टन्स लावून ठेवावा. ५० मायक्रोफॅरडच्या कंडेन्सरवरचा भार त्यामुळे प्लग काढल्यावर साधारण मिनिटाभरात उतरतो, आणि पुढे कधी आपला मुलगा झाकण उघडेल तेव्हा त्याला झटका बसणार नाही.

हे सारे झाल्यावर मेन लाइनमध्ये ६० वॉटचा पिवळा (तारेचा) बल्ब सिरीजला घालून, प्रथम ईझेड८१ न बसवता संच सुरू करावा. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला आणि उरलेल्या व्हॉल्व्हचे फिलामेंट अंधुक लालसर दिसले, तर मेन ट्रान्सफॉर्मर ठीक आहे असे मानण्यास हरकत नाही. मग स्पीकर जोडलेला आहे याची खात्री करून ईझेड८१ बसवावा, कारण भाराविना चालवलेल्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये उसळणारा दाब त्याचे इन्सुलेशन फोडू शकतो. बल्ब पुन्हा झळझळीत पेटला नाही, तरच तो काढून संच थेट लाइनवर घ्यावा आणि लगेच दोन्ही ईएल८४ च्या कॅथोडवर व्होल्टेज मोजावे. तेथे प्रत्येकी २७० ओहमचा रेझिस्टन्स असेल आणि त्यावर १०.८ व्होल्ट दिसले, तर करंट ४० मिलिअँपिअर झाला. त्यातले सुमारे ४ स्क्रीन ग्रिडचे वजा केले की ३६ उरतात, आणि अ‍ॅनोड व कॅथोड यांच्यात ३०० व्होल्ट असतील तर अ‍ॅनोडवरचा भार १०.८ वॉट होतो. ईएल८४ ची मर्यादा १२ वॉट आहे. हा एक गुणाकार ज्याला करता आला, त्याला संचाच्या तब्येतीविषयी दुसऱ्या कोणाला विचारावे लागत नाही.

प्रश्न : माझ्या संचात ५० मायक्रोफॅरडचा फिल्टर कंडेन्सर आहे. त्या जागी २२० चा घातला तर हम (स्पीकरमधली सततची गुणगुण) पूर्ण जाईल आणि पखवाजाचा आवाज भरदार होईल, असे एका मित्राने सांगितले. रेक्टिफायर ईझेड८१ आहे. त्याऐवजी सिलिकॉनचे डायोड घातले तर?
— एक वाचक, कुडाळ

उत्तर : मित्राचा सल्ला ट्रान्झिस्टरच्या अ‍ॅम्प्लिफायरला लागू पडला असता. व्हॉल्व्ह रेक्टिफायरच्या लगेच पुढे असलेला कंडेन्सर प्रत्येक अर्ध्या आवर्तनात क्षणभरच भरतो, आणि तो जितका मोठा तितका त्या क्षणीचा करंट मोठा. हा करंट रेक्टिफायरच्या कॅथोडला सोसावा लागतो. म्हणूनच ईझेड८१ च्या तपशीलपत्रात पहिल्या कंडेन्सरची कमाल मर्यादा ५० मायक्रोफॅरड दिलेली आहे, जीझेड३४ या दुसऱ्या रेक्टिफायर व्हॉल्व्हसाठी ती ६० आहे. आपला संच मर्यादेवरच उभा आहे. २२० घातल्यास सुरुवातीला तो छान वाजेल आणि काही दिवसांनी ईझेड८१ च्या आत ठिणग्या दिसू लागतील.

ही मर्यादा फक्त पहिल्या कंडेन्सरला आहे. चोक किंवा रेझिस्टन्स यांच्या पलीकडचा दुसरा कंडेन्सर १०० मायक्रोफॅरडपर्यंत वाढवता येतो, आणि पहिल्या ईसीसी८३ ला पुरवठा करणाऱ्या रेझिस्टन्सनंतरचा तर निश्चिंतपणे. हमवर खरा परिणाम तिथे होतो.

पण तत्पूर्वी हम कोणता आहे ते ओळखावे. दोन अ‍ॅनोडच्या रेक्टिफायरमधून झिरपणारा हम १०० हर्ट्झचा असतो, तर फिलामेंटच्या वायरींतून किंवा चुकीच्या जागी घेतलेल्या अर्थमधून येणारा ५० हर्ट्झचा. दोहोंत नेमके एका सप्तकाचे अंतर आहे, त्यामुळे आपल्या मंडळातला पेटीवाला बुवा हे कोणत्याही यंत्राशिवाय सांगू शकेल. हम वरच्या सप्तकातला असेल तर फिल्टर कंडेन्सर तपासावा. खालचा असेल तर कितीही मोठा कंडेन्सर घातला तरी तो जाणार नाही. तिथे फिलामेंटच्या दोन वायरी एकमेकींना पीळ घालून चॅसीच्या कोपऱ्याकोपऱ्याने न्याव्यात, फिलामेंट वाइंडिंगचा मध्यबिंदू चॅसीला जोडलेला आहे का ते पाहावे, तो नसेल तर १०० ओहमचे दोन रेझिस्टन्स घालून कृत्रिम मध्यबिंदू करावा, आणि इनपुट सॉकेटचा अर्थ चॅसीवर एकाच ठिकाणी घ्यावा.

सिलिकॉन डायोडविषयी थोडक्यात : ईझेड८१ मध्ये पडणारे व्होल्टेज डायोडमध्ये पडत नाही, त्यामुळे सगळ्या संचाचा दाब वाढतो, ईएल८४ वरील भार वर सांगितलेल्या १२ वॉटच्या पलीकडे जाऊ शकतो, आणि व्हॉल्व्ह थंड असतानाच फिल्टर कंडेन्सरवर पूर्ण दाब येतो. ईझेड८१ मिळतच नसेल तर डायोडसोबत योग्य वॉटचा रेझिस्टन्स सिरीजला घालून मूळचे व्होल्टेज परत आणावे. केवळ आवाजासाठी हा बदल करू नये.

प्रश्न : तेलातल्या कागदाचे, तांब्याच्या किंवा चांदीच्या पत्र्याचे कपलिंग कंडेन्सर परदेशातून मागवता येतात. एकेकाची किंमत आमच्या संचाएवढी आहे. फरक पडतो का?
— एक वाचक, गुहागर

उत्तर : गळक्या कंडेन्सरच्या जागी चांगला घातला तर फरक पडतो आणि तो मोठा असतो. चांगल्याच्या जागी महागडा घातला, तर मला स्वतःला डोळे मिटून तो खात्रीने ओळखता आलेला नाही. ज्यांना ओळखता येतो त्यांच्याशी वाद नाही; मात्र कोणता कंडेन्सर वाजतो आहे हे त्यांना आधी सांगू नये, एवढीच अट.

दोन व्यवहाराच्या गोष्टी मात्र लक्षात ठेवाव्यात. हे कंडेन्सर आकाराने मोठे असतात, आणि ग्रिडजवळ पसरलेला मोठा कंडेन्सर अँटेनासारखा वागून हम ओढून घेतो. दुसरे म्हणजे ‘घालतोच आहोत तर मोठा घालू’ म्हणून ०.१ च्या जागी ०.४७ मायक्रोफॅरड घालण्याचा मोह होतो. ४७० किलोओहमच्या ग्रिड रेझिस्टन्सबरोबर ०.१ चा कंडेन्सर ३.४ हर्ट्झपर्यंत खाली जातो. माणसाचा कान २० च्या खाली फारसे ऐकत नाही. म्हणजे कानाला लाभ शून्य. उलट निगेटिव्ह फीडबॅक असलेल्या संचात कपलिंग वाढवल्याने अतिशय खालच्या पट्टीत संच डोलू लागतो, खाडीतून जाणाऱ्या मचव्याच्या इंजिनासारखा भक्-भक् आवाज येतो आणि स्पीकरचा पडदा काहीही न वाजवता आतबाहेर हलताना दिसतो. ते पैसे चांगल्या स्पीकरवर खर्च करावेत.

प्रश्न : मृग लागला की आमचा अ‍ॅम्प्लिफायर खरखर करू लागतो, कधी एक बाजू बंद पडते, आणि दिवाळीनंतर आपोआप सुधारतो. कोणता भाग बदलावा?
— एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : आपले निरीक्षण नेमके आहे आणि रोगाचे निदान त्यातच आहे. समुद्रापासून दोन-तीन किलोमीटरच्या पट्ट्यात हवेबरोबर मीठही घरात येते, आणि मीठ पाणी धरून ठेवते. व्हॉल्व्हच्या पिना आणि सॉकेटच्या पकडी यांच्यावर त्याचा थर बसतो, संपर्क तुटक होतो, आणि कोरडी हवा आली की तो काही काळ पुन्हा जुळतो. म्हणून पहिला खर्च जवळजवळ शून्य आहे : आयसोप्रोपिल अल्कोहोलने पिना व सॉकेट स्वच्छ करावीत, आणि संच बंद व कंडेन्सर रिकामा असताना सॉकेटच्या सैल झालेल्या पकडी शिवणाच्या सुईने हलकेच आवळाव्यात. पॉलिश पेपर वापरू नये, त्याने मुलामा जातो आणि पुढच्या पावसात गंज दुप्पट वेगाने येतो. बॅकेलाइटच्या सॉकेटवर दोन पिनांच्या मध्ये काळी रेघ उमटलेली असेल तर ते सॉकेट स्वच्छ करून उपयोग नाही. तेथे कोळसा झालेला असतो आणि तो वीज वाहून नेतो. ईएल८४ च्या सॉकेटमध्ये ७ व्या पिनेवर अ‍ॅनोडचा दाब असल्याने ही रेघ बहुधा तिथून निघते. अशी सॉकेट चिनी मातीची घालावीत. दमट हवेत टिकणारी आणि पैसे वसूल करणारी अशी ही सुधारणा आहे.

त्यानंतर रेझिस्टन्स. जुन्या संचांतले तपकिरी, जाड, रंगीत पट्ट्यांचे कार्बन कंपोझिशन रेझिस्टन्स ओलावा शोषतात आणि वर्षांमागून वर्षे त्यांची किंमत बहुधा वरच्या दिशेने सरकत जाते. एक टोक सोडवून मोजल्यास १०० किलोओहमचा रेझिस्टन्स १४० दाखवतो, असा अनुभव दुर्मिळ नाही. शिवाय त्यांच्यावर डीसी दाब असला की ते स्वतःच सूं-सूं आवाज निर्माण करतात, आणि हा दोष पहिल्या व्हॉल्व्हच्या अ‍ॅनोडवर सर्वांत जास्त ऐकू येतो, कारण पुढचे सगळे व्हॉल्व्ह तो वाढवत नेतात. तेवढ्या जागी मेटल फिल्मचा १ वॉटचा रेझिस्टन्स घालावा. तिथे उष्णता फार तर ०.१५ वॉट होते, मग १ वॉट कशाला, असे आपण विचाराल. लहान पाव वॉटच्या रेझिस्टन्सची व्होल्टेज सोसण्याची मर्यादा बहुधा २५० व्होल्टच असते, आणि संच सुरू होताना त्याला त्याहून जास्त सोसावे लागू शकते, हे त्याचे कारण. उरलेल्यांपैकी ज्यांची किंमत दहा-पंधरा टक्क्यांहून जास्त सरकली आहे तेवढेच बदलावेत.

आवाजाच्या बटणाखालचा व्हॉल्यूम कंट्रोल साफ करूनही खरखरत असेल, तर तो ५०० किलोओहमचा लॉग जातीचा नवा घालावा. लीनिअर जातीचा घातला तर बटण थोडेसे फिरवताच सगळा आवाज येतो, आणि मग लोक व्हॉल्व्हला दोष देतात.

पावसाळ्यात संच लाकडी कपाटात झिरोच्या बल्बच्या उबेत ठेवावा आणि आठवड्यातून दोनदा अर्धा तास वाजवावा. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवू नये, आतली ओल आतच राहते.

प्रश्न : २२ जुलै २०२१ च्या पुरात आमचा अ‍ॅम्प्लिफायर एक रात्र पाण्याखाली होता. धुऊन, वाळवून ठेवला आहे. आता नवे भाग घालून तो जिवंत होईल का?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : सर्व काही दोन ट्रान्सफॉर्मरवर अवलंबून आहे. व्हॉल्व्ह काचेत बंद असतात, त्यांना पाण्याचे भय नाही. काचेच्या माथ्यावरचा किंवा कडेचा आरशासारखा रुपेरी डाग तसाच असेल तर आतली निर्वात जागा शाबूत आहे, तो पांढरा पडला असेल तर हवा आत गेली आणि व्हॉल्व्ह संपला. काचेवरची अक्षरे चोळू नयेत, ती सहज निघून जातात आणि मग व्हॉल्व्ह कोणता हे कळत नाही. कंडेन्सर, व्हॉल्यूम कंट्रोल आणि स्विच टाकून द्यावेत; वाशिष्ठीचा गाळ त्यांच्यातून निघणार नाही.

ट्रान्सफॉर्मरच्या थरांत शिरलेली ओल मात्र उन्हात वाळवूनही महिनोन्महिने राहते. बल्बची ऊब दिलेल्या पेटीत साठ-सत्तर अंशांवर काही दिवस ठेवून, नंतर ५०० व्होल्टच्या मेगरने प्रायमरी, सेकंडरी आणि लोखंडी गाभा यांच्यातील इन्सुलेशन मोजावे. १०० मेगओहमच्या वर आकडा मिळाला तर धाडस करण्यासारखे आहे. दोन-चार मेगओहमच मिळाले तर वीज देऊ नये. आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीचे दोन्ही अर्धेही साध्या मीटरने मोजावेत : ते एकमेकांच्या जवळपास असले पाहिजेत. एक अर्धा काहीच दाखवत नसेल तर बारीक तार आत हिरवी पडून तुटली आहे.

मेन ट्रान्सफॉर्मर पंपाच्या मोटरी भरणारा कारागीरही भरून देऊ शकतो. आउटपुट ट्रान्सफॉर्मर तसा भरता येत नाही, कारण त्यात प्रायमरी आणि सेकंडरी यांचे थर आळीपाळीने घातलेले असतात आणि वरच्या पट्टीचा स्वच्छपणा त्या रचनेवरच टिकतो. कारागिराला तो सोडवताना प्रत्येक थराचे फेरे, तारेची जाडी आणि थरांचा क्रम वहीत उतरवून घ्यायला सांगावे, शक्यतो आपण शेजारी बसावे.

प्रश्न : ईसीसी८३ च्या जागी रशियन ६एन२पी चालतो असे ऐकले. तसेच भारतीय बनावटीचे जुने व्हॉल्व्ह घ्यावेत का?
— एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : ६एन२पी चे गुण ईसीसी८३ च्या जवळचे आहेत, पण तो त्याच खोबणीत चालत नाही. ६.३ व्होल्टवर चालवलेल्या ईसीसी८३ मध्ये ४ आणि ५ या पिना एकत्र जोडून दुसरे टोक ९ व्या पिनेला देतात; ६एन२पी चे फिलामेंट ४ आणि ५ यांच्यामध्येच असते. वायरिंग न बदलता तो बसवला तर पेटणारच नाही. अमेरिकन क्रमांकाचा १२एएक्स७ मात्र म्हणजे ईसीसी८३ च. बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने बनवलेले जुने व्हॉल्व्ह चांगले असतात. फक्त खोक्यावर विसंबू नये, रिकाम्या खोक्यांत वापरलेले व्हॉल्व्ह भरून विकणारे पुष्कळ आहेत. संच चालू असताना पेन्सिलीने व्हॉल्व्हवर हलके टिचकी मारावी. स्पीकरमधून घंटेसारखा नाद आला तर तो पहिल्या जागी वापरू नये, पुढच्या जागी खुशाल वापरावा.

प्रश्न : आजोबांच्या रेडिओच्या मागे पिकअपची दोन भोके आहेत. त्यांत मोबाइल जोडून गाणी ऐकावीत, आणि आतले कंडेन्सर बदलून त्याचा अ‍ॅम्प्लिफायर करावा असे वाटते. आत यूसीएच८१, यूएल८४ आणि यूवाय८५ अशी नावे दिसतात. कधी कधी चॅसीला हात लागला की मुंग्या येतात.
— एक वाचक, श्रीवर्धन

उत्तर : आपल्या पत्रातले शेवटचे वाक्य पहिले असायला हवे होते. व्हॉल्व्हच्या युरोपीय नावातले पहिले अक्षर फिलामेंटविषयी सांगते : ‘ई’ म्हणजे ६.३ व्होल्ट, ‘यू’ म्हणजे १०० मिलिअँपिअरवर एकापुढे एक सिरीजमध्ये जोडायचे फिलामेंट. आपल्याकडची तिन्ही नावे ‘यू’ ने सुरू होतात, म्हणजे हा एसी-डीसी दोहोंवर चालणारा सेट आहे आणि त्यात मेन ट्रान्सफॉर्मर नाही. मेन लाइनची एक तार सरळ चॅसीला जोडलेली असते. प्लग एका बाजूने घातला तर चॅसीवर न्यूट्रल येतो, उलटा घातला तर फेज. मुंग्या येणे हा ओलसर भिंतीचा किंवा आपल्या नशिबाचा प्रश्न नाही.

अशा सेटच्या चॅसीला अर्थ जोडून हा दोष जात नाही. प्लग उलटा पडला की फेज आणि अर्थ थेट एकत्र येतात. शिवाय जांभ्याच्या कातळावर बांधलेल्या घरांत उन्हाळ्यात जमीन इतकी कोरडी होते की अर्थिंग नावापुरतेच उरते. पिकअपच्या भोकांत मोबाइलची वायर घालून तो हातात धरणे तर सर्वथा टाळावे. या रेडिओला गाणी ऐकवायचीच असतील तर २३० ते २३० व्होल्टचा, १०० व्हीएचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर आधी बसवावा, घराच्या मीटरजवळ ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) असावा, आणि स्टिरिओ मोबाइलच्या दोन वाहिन्या थेट एकत्र न बांधता प्रत्येकीत एकेक किलोओहमचा रेझिस्टन्स घालून मगच जोडाव्यात. कंडेन्सर कोणते घालावेत याचा विचार त्यानंतर करू. तोवर रेडिओच्या मागचा पुठ्ठा लावलेलाच असू द्यावा, आणि बटणांच्या मागचे चॅसीपर्यंत पोहोचणारे छोटे स्क्रू उघडे असतील तर ते मेणाने बुजवावेत.